बॅटरी गेली !

साऱ्या कुटुंबाने मोटारीत बसावे, लग्नाची घटिका जवळ येत चाललेली असावी, यजमानांनी चावी फिरवावी आणि इंजिनाने गर्जना करण्याऐवजी नुसते 'टक्' करून गप्प बसावे, हा प्रसंग ज्याच्यावर कधीच आलेला नाही असा मोटारवाला विरळा. अशा वेळी निदानासाठी वैद्याची वाट कोणी पाहत नाही. मागच्या आसनावरील आजीबाईंपासून फाटकाशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्यापर्यंत सर्वांचे एकमत असते आणि ते दोन शब्दांत सांगून होते : "बॅटरी गेली." दुपारपर्यंत नवी बॅटरी येते, जुनी मोडीत जाते, मोटार चालू लागते आणि आपले निदान बरोबर ठरले म्हणून जो तो स्वतःची पाठ थोपटून घेतो. महिन्या-दीड महिन्याने ती नवी बॅटरीही गेली, तर मात्र दोष बॅटरीचा राहत नाही. तो दुकानदाराचा, कारखानदाराचा किंवा एकंदर काळाचा होतो.

आम्ही विद्युतशास्त्राचे अध्यापक नव्हे; वाङ्मय शिकविणे हा आमचा व्यवसाय. परंतु दोष कोणाचा हे ठरविण्याची रीत काही कोणा एका शास्त्राच्या मालकीची नाही, आणि ती रीत आम्हांस एका मिस्त्रीच्या हातात जितकी स्वच्छ पाहावयास मिळाली तितकी ग्रंथांतही क्वचितच आढळली. ती हकीकत सांगण्यापूर्वी मोटारीच्या पोटातील विजेचा संसार कसा चालतो हे थोडे सांगितले पाहिजे. नाहीतर मिस्त्रीचे कौतुक वाचकांस पोकळ वाटेल.

बॅटरी म्हणजे विजेचा झरा, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः ती कणगी आहे. कणगीत धान्य पिकत नाही. शेतात पिकलेले तीत साठविले जाते. मोटारीचे शेत म्हणजे इंजिन. इंजिन फिरू लागले की त्याच्या पट्ट्यावर अल्टरनेटर फिरतो, वीज उत्पन्न करतो, दिवे, पंखा, ठिणगी इत्यादिकांचा रोजचा खर्च भागवितो आणि उरलेली वीज बॅटरीत भरतो. बॅटरीचे खरे काम सकाळच्या त्या एका क्षणाचे. दोन्ही मोठे दिवे मिळून दहा अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतात. पण आपण ज्याला 'सेल्फ' म्हणतो तो यंत्रभाग इंजिनाला पहिली गती देताना शे-दीडशे अँपिअर, कधी त्याहूनही अधिक, एका घोटात पिऊन टाकतो. हे देणे अल्टरनेटर पुढील काही मिनिटांत फेडतो. तेव्हा कणगी रिकामी आढळली, तर शेतच पिकले नसेल. पीक आले पण वाटेत सांडले असेल. धान्य पोहोचले पण रात्री घुशीने नेले असेल. किंवा कणगीच कुजली असेल. बॅटरी बदलणे हा उपाय यांपैकी शेवटच्या एका कारणावर चालतो. बाकीच्या तिहींत चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्यासारखे होते.

कणगी कुजते, हेही खोटे नव्हे. गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून जी बॅटरी सिद्ध केली तिचेच वंशज आजही बहुतेक मोटारींत आहेत, आणि त्या वंशाचा स्वभाव असा की रिते राहणे त्यास सोसत नाही. बॅटरी बराच काळ उतरलेली राहिली की शिशाच्या पत्र्यांवर पांढरट स्फटिक जमतात, कठीण होतात आणि मग कितीही वीज भरली तरी ते विरघळत नाहीत. म्हणजे ज्या बॅटरीचा मूळ दोष काहीच नव्हता तीही वारंवार उपाशी ठेवली गेल्याने अखेर खरोखरीच निकामी होते. तपास करणाऱ्याची सर्वांत मोठी फसगत येथे होते. प्रेत समोर असते, मृत्यूविषयी शंका नसते आणि म्हणून मारेकऱ्याचा शोध घेण्याची कोणाला आठवण राहत नाही.

अल्टरनेटरच्या पूर्वी त्याच्या जागी डायनॅमो असे. त्याच्याही आधी हे काहीच नव्हते. गाडीपुढे वाकून लोखंडी हँडल मारावे लागे आणि इंजिन उलटले तर मनगट मोडे. केटरिंग या अमेरिकन यंत्रज्ञाचा विजेवर चालणारा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅक गाडीवर आला, तेव्हापासून बॅटरीवर हा भार पडला. डायनॅमोची एक गंमत आम्हांस फार आवडते. वीज उत्पन्न करण्यास चुंबक पाहिजे, चुंबकत्व देण्यास वीज पाहिजे. मग आरंभ कोठून व्हावयाचा? मागील खेपेचे किंचित चुंबकत्व लोखंडात शिल्लक राहिलेले असते. त्यावर थोडी वीज निर्माण होते, त्या विजेने चुंबक वाढतो, वाढलेल्या चुंबकाने आणखी वीज. कालच्या चमचाभर विरजणाने आजचे पातेलेभर दही लागावे, तसा हा प्रकार. जर्मनीत वेर्नर सीमेन्सने आणि इंग्लंडात व्हीटस्टनने १८६७ साली हे तत्त्व जवळजवळ एकाच वेळी मांडले. परंतु डायनॅमो हा वेगाचा भुकेला. गाडी सिग्नलपाशी थांबून मंद घुरघुरत असली की त्याची कमाई बंद पडते आणि दिव्यांचा खर्च मात्र चालू राहतो. अल्टरनेटर मंद गतीतही पुष्कळ कमावतो. पण तो वीज देतो ती दिशा पालटणारी, बॅटरीला न चालणारी. तिला एकाच दिशेने जाऊ देणारे सिलिकॉनचे डायोड स्वस्त आणि टिकाऊ होईपर्यंत त्याला मोटारीत जागा मिळाली नाही. क्रायस्लर कंपनीने १९६० च्या व्हॅलियंट गाडीवर अल्टरनेटर दिला आणि हळूहळू डायनॅमो अस्तास गेला. हे डायोड, एका अल्टरनेटरात बहुधा सहा, म्हणजे एकेरी वाटेवरील शिपाई. वीज बाहेर जाऊ द्यावयाची, आत येऊ द्यावयाची नाही. आमच्या हकीकतीत यांपैकी एका शिपायाचे नाव पुढे येणार आहे.

चालकासमोर जो बॅटरीच्या चित्राचा तांबडा दिवा असतो त्याच्याविषयी जितके गैरसमज आहेत तितके क्वचितच दुसऱ्या कोणा दिव्याविषयी असतील. चावी फिरवली की तो लागतो, इंजिन सुरू झाले की विझतो. जुन्या, साध्या रचनेत त्याच्या एका टोकाला बॅटरीचा दाब असतो आणि दुसऱ्या टोकाला अल्टरनेटरचा. दोन्ही दाब समान झाले की त्याच्यातून प्रवाह वाहण्यास कारणच उरत नाही आणि तो मालवतो. तो मालवला म्हणजे दोन्ही बाजू सारख्या झाल्या, एवढेच तो सांगतो. बॅटरी नीट भरत आहे असे तो सांगत नाही. लोक मात्र त्या अंधारालाच अभयवचन समजतात. याहून मौजेची गोष्ट अशी की, या रचनेत अल्टरनेटरला जागे करणारा पहिला प्रवाह याच दिव्यातून जातो. तो इवलासा दिवा जळून गेला तर अल्टरनेटर झोपूनच राहतो, निदान इंजिन जोराने फिरवीपर्यंत तरी. आणि दिवा जळालेला असल्यामुळे सूचना देण्यासही कोणी उरत नाही. म्हणून इंजिन सुरू झाल्यावर दिवा विझतो की नाही हे पाहण्याइतकेच, सुरू करण्यापूर्वी तो लागतो की नाही हे पाहणे महत्त्वाचे. दुसऱ्या गोष्टीकडे शंभरांत पाच माणसेही पाहत असतील असे आम्हांस वाटत नाही.

आता आकड्यांकडे. पाचशे रुपयांच्या आतबाहेर मिळणारा मल्टिमीटर ज्याच्या घरी आहे त्याने एवढे ध्यानात ठेवावे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असतो. तो १२ च्या घरात आला की कणगीचा तळ दिसू लागला असे समजावे. इंजिन चालू असता तोच दाब १३.८ ते १४.५ च्या दरम्यान चढला पाहिजे. चढलाच नाही तर शेत पिकत नाही : पट्टा सैल असेल, आतील कार्बन झिजले असतील किंवा दाब राखणारा रेग्युलेटर बिघडला असेल. १५ च्या वर गेला तर पीक फाजील येते आणि बॅटरी उकळून तिचे पाणी आटते. अलीकडच्या कित्येक गाड्यांत मात्र इंधन वाचविण्यासाठी संगणकच अल्टरनेटरचा दाब मुद्दाम उतरवतो, आणि १२.८ पाहून घाबरलेला मालक निरोगी अल्टरनेटर उघडावयास लावतो. अशा गाडीची पुस्तिका आधी वाचावी. ती बहुधा हातमोजांच्या खणात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, खरेदीच्या दिवशी होती तशीच असते.

पीक आले पण वाटेत सांडले, हा प्रकार आपल्या कोकणपट्टीत विशेष. खारट दमट हवेने बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढते, इंजिनाला गाडीच्या अंगाशी जोडणारी अर्थची पट्टी आतून कुजते आणि वरून धडधाकट दिसते. अल्टरनेटरपाशी मोजावे तर १४.३, बॅटरीपाशी मोजावे तर १३.४, मधले ०.९ व्होल्ट गेले कोठे ? चांगल्या तारेत, भार असतानाही, दोन-तीन दशांशांहून अधिक हरवू नये. हा तपास करताना तारेकडे पाहावयाचे नाही. तिच्या दोन टोकांमधील अंतर मीटरने मोजावयाचे. डोळ्यांना जी तार उत्तम दिसते तिच्याविषयी मीटरचे मत पुष्कळदा निराळे असते. औषध मात्र स्वस्त आहे : बॅटरी सोडवून घेऊन गरम पाण्यात खाण्याचा सोडा, जुना दात घासावयाचा ब्रश आणि अर्धा तास.

आता ती हकीकत. आमच्या शेजारी एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश राहतात. सचोटीचे गृहस्थ, त्यांच्या निकालांविषयी आम्ही चांगलेच ऐकले आहे. २०१९ च्या पावसाळ्यात त्यांच्या सहा-सात वर्षे वापरलेल्या गाडीची बॅटरी एका सकाळी उतरलेली आढळली. जुनी होती म्हणून बदलली. तीन आठवड्यांनी नवीही तशीच उतरली. तेव्हा त्यांनी सवयीप्रमाणे पुरावा तपासला. शनिवारी संध्याकाळी गाडी ठीक चालली होती. तिच्यात शेवटी बसलेला माणूस म्हणजे चालक. दिवा किंवा रेडिओ चालू राहिल्याशिवाय बॅटरी उतरत नाही. सबब चालकाने हयगय केली. निकाल असा की, बॅटरीची किंमत दोन हप्त्यांत त्याच्या पगारातून कापावी, आणि तिसऱ्यांदा असे घडल्यास त्याने दुसरी नोकरी पाहावी.

चालक मुळशीकडचा, तेविशी-चोविशीतला, घरी आईवडील आणि शिकणारी बहीण. एका संध्याकाळी तो आमच्याकडे आला, तो रदबदली करा असे सांगण्यासाठी असावा. परंतु तसे काही त्याने म्हटले नाही. थोडा वेळ उभा राहून तो एवढेच म्हणाला, "सर, दिवे मी बंद केले होते. पण बंद केले होते हे दाखवू कशानं ?"

आम्ही यावर बराच विचार केला. केलेली गोष्ट सिद्ध करता येते. न केलेली कशी करावी? न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. घरच्या नोकराला तो देण्याची चाल आपल्यात नाही. न्यायाधीशांनी एका वायरमनकडून गाडी तपासूनही घेतली होती. त्याने इंजिन चालू ठेवून बॅटरीचे टर्मिनल काढून पाहिले, इंजिन बंद पडले नाही, आणि अल्टरनेटर उत्तम आहे असा दाखला देऊन तो गेला होता. ही परीक्षा डायनॅमोच्या काळची. आजच्या गाडीत बॅटरी अशी अचानक सुटली की दाब एकदम उसळतो आणि डायोडच काय, संगणकही जळू शकतो. वाचकांपैकी कोणाच्या गाडीवर असा प्रयोग कोणी करू लागला तर त्याचा हात धरावा.

पुण्याच्या नाना पेठेत मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत. तेथील एका बोळात गाड्यांचे विजेचे काम करणारे एक वृद्ध मिस्त्री आमच्या परिचयाचे होते. न्यायाधीशांच्या संमतीने आम्ही त्यांस एका रविवारी सकाळी बोलावून घेतले. येताना त्यांनी एक जुनी पिशवी आणली होती. पण ती त्यांनी लगेच उघडली नाही. मालकांना नमस्कार करून ते चालकाकडे वळले.

"भाऊ, गाडी बंद पडते ती कोणत्या वारी ?"

"सोमवारी. दोन्ही वेळेस सोमवारीच."

"रविवारी हलते का ?"

"नाही. साहेब रविवारी बाहेर जात नाहीत."

हा प्रश्न चालकाला तोपर्यंत कोणीच विचारला नव्हता. न्यायाधीशांना यात आपल्याच निकालाची पुष्टी दिसली. शनिवारी घरी जाण्याच्या घाईत दिवा राहतो, असे ते म्हणाले. मिस्त्रींनी वाद घातला नाही. त्यांनी बॉनेट उघडले आणि मीटर काढण्यापूर्वी उघडा तळहात अल्टरनेटरवर ठेवला. मग शेजारी इंजिनावर ठेवला. "साहेब, जरा हात लावून पाहा." इंजिन रात्रभराच्या थंडाव्याने गार होते. अल्टरनेटर कोमट होता. आम्हीही हात लावून पाहिला. आदल्या संध्याकाळपासून चौदा तास जे यंत्र फिरलेले नाही ते कोमट राहावे, यात संशय घेण्यास पुरेसे कारण होते. पण मिस्त्री संशयावर थांबणारे नव्हते.

प्रथम उभ्या गाडीचा दाब : १२.३. आदल्या दिवशी दिवसभर फिरलेल्या गाडीच्या मानाने कमी. इंजिन चालू करून : १३.७. "येथेच सगळे फसतात," ते म्हणाले. आकडा पाहून कोणीही अल्टरनेटरला निर्दोष सोडले असते. मग त्यांनी मीटरची खुंटी फिरवून दिशा पालटणारी वीज मोजण्याच्या खुणेवर आणली. बॅटरीपाशी ती जवळजवळ शून्य असावयास हवी. अर्ध्या व्होल्टहून अधिक भरली. शिपायांपैकी कोणीतरी वाट सोडली होती. शेवटी इंजिन बंद करून, चावी काढून, दारे लावून, बॅटरीची ऋण बाजूची तार सोडून त्यांनी मधे प्रवाह मोजणारा मीटर जोडला आणि आम्हांस अर्धा तास चहा प्यावयास लावला, कारण गाडीतील संगणक झोपी जाण्यास वेळ घेतो. झोपलेल्या गाडीने पाच शतांश अँपिअरहून अधिक घेऊ नये. काटा असता तर तो हलला असता. येथे आकडाच होता : १.१.

ते एकेक फ्यूज काढीत गेले. डिकीतील दिवा, रेडिओ, आतले दिवे, सारे क्रमाने मंडळातून बाहेर झाले, आकडा १.१ वरच. अखेर बॅटरी सोडून त्यांनी अल्टरनेटरची जाड तार काढली, तिचे टोक रबराच्या तुकड्यात गुंडाळले आणि पुन्हा मीटर जोडला : ०.०२.

त्यानंतर खिशातील पेन्सिलीने त्यांनी जुन्या पावतीच्या पाठीवर हिशेब मांडला. बॅटरी ४५ अँपिअर-तासांची. दर तासाला १.१ गळते. रोजच्या रात्री बारा-चौदा तास, म्हणजे पंधरा गेले. सकाळी गाडी निघते आणि दिवसभरात भरपाई होते. शनिवारी रात्री आठपासून सोमवारी सकाळी दहापर्यंत अडतीस तास : एकेचाळीस-बेचाळीस गेले. उरले ते सेल्फला पुरत नाही. दिव्याचा संबंध नाही. माणसाचा संबंध नाही. पावती त्यांनी न्यायाधीशांच्या हाती दिली. ती त्यांनी दोनदा वाचली, असे आम्हांस आठवते.

मंगळवारी मिस्त्री डायोड प्लेट बदलून अल्टरनेटर घेऊन आले. मजुरीसह झालेला खर्च बॅटरीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी होता. न्यायाधीशांनी त्याच संध्याकाळी चालकाला आत बोलावले, खुर्चीवर बसविले, कापलेले पैसे परत दिले आणि आपली चूक झाली असे आमच्यासमक्ष सांगितले. निकाल फिरविण्यास निकाल देण्यापेक्षा अधिक बळ लागते. ते त्यांच्यापाशी होते. चालकाने पैसे घेतले, नमस्कार केला. दिवाळीपर्यंत तो कामावर होता. नंतर एका कंपनीच्या बसवर गेला. जाण्याचे कारण त्याने सांगितले नाही, आणि त्या घरात ते कोणी विचारलेही नाही.

पहिली बॅटरी खरोखर जुनी होती की तीही निर्दोषच गेली, हे आता कळण्याचा मार्ग नाही. ती नवीच्या बदल्यात मोडीला दिली गेली आणि तिचे शिसे केव्हाच भट्टीत वितळले असेल. दुसरी मिस्त्री आपल्या दुकानी घेऊन गेले, रात्रभर चार अँपिअरच्या मंद प्रवाहावर लावून ठेवली आणि सकाळी परत आणून बसविली. ती २०२३ पर्यंत चालली.